बाटलीवरचं तिसरं नाव

दर गुरुवारी साडेपाचला, दारावर दुकान उघडल्याचा पडदा लागला रे लागला, की सुमिए आणि योरिको आत शिरत. जपानातल्या हाचिनोहेच्या बंदराजवळच्या गल्लीतला तो इझाकाया, खाण्यापिण्याचा छोटा गुत्ता, म्हणजे आठ स्टुलांचा एक ओटा, ओट्यामागे निखारे आणि धूर खाऊन खाऊन चहाच्या रंगाच्या झालेल्या भिंती. दोघी अठराव्या वर्षी मासळीचे डबे भरायच्या कारखान्यात शेजारी उभ्या राहिल्या होत्या, त्या आता एकसष्टाव्या वर्षी इथे शेजारी बसत होत्या. मधल्या काळात नवरे आले आणि गेलेही. मैत्री तेवढी टिकली.

त्या गुरुवारी निमित्तही होतं. सुमिएची आई शेवटची सहा वर्षं पोटच्या पोरीला “बाई, तुम्ही कोण?” म्हणून विचारत होती. आपलंही तेच होणार, ही धास्ती सुमिएच्या मनातून जात नव्हती. शेवटी योरिकोनेच तिला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. आज कागद हातात आला होता: स्मरणशक्ती उत्तम, काळजीचं कारण नाही.

“बघ! उगाच जिवाला घोर लावून घेतलास,” योरिको म्हणाली. जेवायच्या काड्यांवरचं कागदी वेष्टण काढून ती त्याची इवलीशी होडी करत होती. काड्या टेकवायला तिला तीच लागे. “डोकं शाबूत आहे तुझं.”

“जीभ नाही तपासली त्यांनी.”

“तपासली असती तर ठेवूनच घेतलं असतं तुला!”

मालकीण मात्सुएबाई फळीवरून दोघींची रताळ्याच्या दारूची बाटली घेऊन आल्या. नेहमीच्या गिऱ्हाइकाची बाटली दुकानातच राहते, गळ्यात नावाची चिठ्ठी बांधून. ही चिठ्ठी सुमिएने स्वतः लिहिलेली होती. मात्सुएबाईंनी बाटली ठेवली, शेजारी पेले मांडले. तीन.

चिठ्ठीवर नावंही तीनच होती. सुमिए, योरिको, चिझू. तिन्ही सुमिएच्याच अक्षरात, एकाच शाईत, सारखीच जुनी.

“चिझूताई यायच्यात वाटतं अजून?” मात्सुएबाईंनी विचारलं.

“वेळेवर आली तर ती चिझू कसली!” योरिको हसली.

कोण चिझू? प्रश्न सुमिएच्या अगदी ओठांवर आला होता. पण मग पर्समधला तो कागद आठवला. आणि विचारलं, तर योरिकोच्या चेहऱ्यावर काय उमटेल तेही दिसलं. तीच कीव, जी सुमिए स्वतः आईकडे बघताना लपवायची. ती घाबरली, आणि हसून म्हणाली, “हो ना.”

आता मला सांगा, असं “हो ना” आपण दिवसातून किती वेळा म्हणतो? कुणाचं काय बिघडतं?

आपला पेला आपण भरायचा नाही, दुसऱ्याने भरायचा, अशी तिथली रीत. योरिकोने सुमिएचा भरला, सुमिएने योरिकोचा. “चिझूचाही भर गं,” योरिको म्हणाली. सुमिएने तिसरा पेला भरून आपल्या डाव्या हाताच्या रिकाम्या स्टुलासमोर सरकवला. “घे गं चिझू,” तिने चेष्टेच्या सुरात म्हटलं. आपल्याला आठवतंय हे दाखवायला.

भाजलेला बांगडा आला. एक घास घेऊन सुमिएने वळून पाहिलं, तर तिसरा पेला अर्धा होता. स्टूल रिकामंच होतं. मात्र तिकडून वास येत होता, पावसात भिजलेल्या लोकरीचा. बाहेर तर लख्ख ऊन होतं.

काहीतरी खात्रीचं धरायला हवं म्हणून ती योरिकोकडे वळली. “आई गेली त्या रात्री तू माझ्यापाशी बसून होतीस. आठवतं?”

“मी?” योरिकोच्या कपाळाला आठी पडली. “छे गं... मी कुठे होते तेव्हा? चिझू बसली होती.”

योरिकोच होती, सुमिएला पक्कं ठाऊक होतं. पण तोंडाने ती म्हणाली, “हो ना. चिझूच.”

“आणि वाफेच्या यंत्रात तुझी बाही अडकली, तेव्हा हात घालून कुणी ओढलं तुला? चिझूनेच ना...”

त्या दिवशी मनगट भाजलं होतं ते योरिकोचं. बोटभर रुंद डाग होता, चाळीस वर्षं सुमिएच्या डोळ्यांसमोरचा. तिने योरिकोच्या मनगटाकडे पाहिलं. कातडी नितळ होती. मग आपलंच डोकं फिरलंय, दुसरं काय! “हो ना,” सुमिए पुटपुटली. तिला रडू यायला लागलं होतं.

योरिकोचा आवाज आता पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा येत होता. समोरचा बांगडा तसाच पडून होता. “सुमिए... परवा डॉक्टरकडे तुझ्याबरोबर कोण आलं होतं गं? मीच होते ना? सांग ना... मीच होते ना?”

“अहो, चिझूताई गेल्या होत्या!” ओट्यामागून मात्सुएबाई म्हणाल्या, आणि दोघीही सुमिएच्या तोंडाकडे बघू लागल्या.

तूच होतीस, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द! पण मात्सुएबाईंच्या डोळ्यांत ती कीव हळूहळू उतरायला लागली होती. सुमिएने मान खाली घातली.

“चिझू होती,” ती म्हणाली.

मान वर केली तेव्हा उजवीकडचं स्टूल रिकामं होतं. ओट्यावर पेले दोनच. चिठ्ठीवर नावंही दोनच.

“योरिको?” सुमिए ओरडली. “योरिको कुठे गेली?”

“कोण योरिको?” मात्सुएबाईंनी विचारलं.

डावीकडून एक हात पुढे आला आणि त्याने सुमिएचा पेला काठोकाठ भरला. मनगटावर बोटभर रुंद भाजल्याचा डाग होता.

“अगं, विसरलीस वाटतं?” चिझू मायेने म्हणाली.

“नाही गं,” सुमिए घाईघाईने म्हणाली. “आठवतंय ना सगळं.”

त्याला आता वर्ष होईल. दर गुरुवारी साडेपाचला सुमिए आणि चिझू तिथे जातात. सुमिए काड्यांचे तीन जोड मागते. तिसरा कुणासाठी, असं मात्सुएबाई विचारतात, आणि तिला काही सांगता येत नाही. ती नुसता तो जोड उजवीकडे सरकवते. डॉक्टरांनी कागद पुन्हा तसाच दिलाय: स्मरणशक्ती उत्तम.

पण उठायच्या वेळी उजवीकडच्या रिकाम्या स्टुलासमोर त्या तिसऱ्या वेष्टणाची इवलीशी होडी झालेली असते. सुमिए तिच्याकडे बघत राहते. कुणीतरी अशी होडी करायचं... कोण बरं?

चिझू ती होडी उचलते, उलगडते, अंगठ्याने घासून सपाट करते.

“आपल्यात होड्या कोण करतं गं? कुणीच नाही, हो ना?”

“हो ना,” सुमिए म्हणते.