आलोच

जाडजूड, अंग चोरून एकमेकांना खेटलेली आणि पुढे झुकलेली अक्षरं काढावीत तर ताईनंच. शर्यतीचं पोस्टर असो, बुटांचं दुकान असो, नाहीतर सेलचा फलक, जिथं घाई तिथं ताईचा फॉन्ट. आपल्या कामाबद्दल तिला तिळभर शंका नव्हती आणि असायचं कारणही नव्हतं.

धाकट्या भावानं घरपोच सामान पोहोचवायला गाडी घेतली, तेव्हा तिनं दोन्ही बाजूंना याच फॉन्टमधला एकच शब्द चिकटवला: आलोच. धाकटा जाम खूश. रोज निघताना ओरडायचा, "येतो गं ताई!" आणि संध्याकाळी तिनं चहाचं आधण ठेवलं की दारात हॉर्न वाजायचाच.

"गाडी गुणाची आहे," तो म्हणायचा. "परतीला नुसतं स्टिअरिंग धरून बसायचं. घर तिला पाठ आहे."

ताईला मात्र एक गोष्ट डाचत होती. उजव्या बाजूची अक्षरं गाडीच्या तोंडाकडे झुकली होती, झकास पळत होती. डाव्या बाजूला तोंड डावीकडे आणि अक्षरं नेहमीसारखी उजवीकडे, म्हणजे गाडीच्या मागच्या टोकाकडे कललेली. अगदी नवशिक्याची चूक, आणि तीही आपल्या हातून!

"एका अंगानं जाते, एका अंगानं परत येते," धाकटा म्हणाला. "राहू दे की."

"लोक मला हसतील. तुला नाही."

सुट्टीच्या दिवशी तिनं डावीकडचा शब्द अलगद सोलला. फेकवेना, म्हणून कामाच्या खोलीतल्या भिंतीवर चिकटवला. गाडीवर उलट्या बाजूला झुकवलेली नवी अक्षरं लावली. आता गाडी दोन्हीकडून पुढेच पळत होती. ताईनं लांबून पाहिलं आणि स्वतःचीच पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी निघताना धाकटा म्हणाला, "जातो गं."

"येतो म्हण!"

"तेच म्हणालो की."

चहा उकळून उकळून कडू झाला, तेव्हा कुठे तो परतला. गाडीचा रिव्हर्स पडत नव्हता. गॅरेजवाल्यानं सगळं उघडून पाहिलं. बिघाड काहीच नव्हता.

"वळण घ्यायलाही नको म्हणते," धाकटा म्हणाला. हसायला गेला, पण हसू उमटलं नाही.

 हा पोरगा ताईनं अंगाखांद्यावर खेळवून वाढवला होता. "उद्या सकाळी जुनी अक्षरं परत लावते," ती म्हणाली. "माझं हसं झालं तरी चालेल."

सकाळी स्टिकर सोलायला हेअर ड्रायर घेऊन ती बाहेर आली, तर गाडीची जागा रिकामी होती.

दिवसभर फोन लागला नाही. संध्याकाळी त्याचाच आला.

"ताई, रस्ता मस्त आहे. एकदम सरळ."

"आहेस तिथून परत फिर!"

 अगदी साधेपणानं त्यानं विचारलं, "परत म्हणजे?"

फोन कट झाला.

गॅसवर आधण होतं. तेवढ्यात हॉर्न वाजला.

ती धावत दारात गेली. रस्ता मोकळा होता.

हॉर्न पुन्हा वाजला. तिच्या पाठीमागून, कामाच्या खोलीतून.

भिंतीवरच्या शब्दावर रस्त्याची ताजी धूळ बसली होती. ताईनं त्यावर तळवा टेकवला. अक्षरं गरम होती, नुकत्याच थांबलेल्या गाडीच्या बॉनेटसारखी.