फोनवरची ताई

तो अननस आधी बाहेर ठेव. हो, तुलाच म्हणतोय, नव्या भरतीतल्या पोरा. अग्निशमन ठाण्यात अननस आणतं का कुणी? आपल्या बोलीत नावातच ‘भरभराट येवो’ आहे त्याच्या, आणि आपली भरभराट म्हणजे गावाला आग. ठेवलास? बस आता. आणि ‘भूत’ हा शब्द काढू नका. पंचांगाचा सातवा महिना चालू आहे, मेलेल्यांच्या जगाचं दार उघडं आहे. ‘भाऊबंद’ म्हणायचं.

ही ऐकीव गोष्ट नाही. को ई-हुआ माझ्या चांगल्या ओळखीची. मी खाली बंब दुरुस्त करायचो, ती वर बसून ११९ चे, आगीच्या वर्दीचे फोन घ्यायची. आवाज असा शांत की रडणारं माणूस हुंदका गिळून पत्ता सांगायचं.

आता पत्त्याचंच बघा. आपलं शहर आणि आजूबाजूची गावं कागदावर एक झाली आणि एका शहरात पाच हपिंग मार्ग झाले. नावं बदला म्हणून आम्ही कंठशोष केला. साहेब म्हणाले, निवडणूक होऊ दे, मग बघू. मग एका रात्री नदीपलीकडच्या हपिंग मार्गावर भाड्याच्या खोल्यांची एक इमारत पेटली, आणि यंत्रानं बंब धाडला नदीअलीकडच्या हपिंग मार्गावर. तिथे चिटपाखरू नव्हतं. खोटा फोन समजून बंब माघारी फिरला. तेवढा वेळ ई-हुआ आतल्या माणसांना सांगत होती, ‘दार लावा, फटीत ओलं फडकं कोंबा, हलू नका. येतायत.’

नऊ जण गेले.

चौकशीचा अहवाल आला. म्हणे, आतून एकच फोन आला होता, बाकीचे झोपेतच गेले. म्हणजे बंब वेळेवर पोचला असता तरी काय फरक पडणार होता? साहेब कॅमेऱ्यांपुढे माफीसाठी कमरेत वाकले, सरळ झाले आणि बढतीवर गेले. ई-हुआला आत बोलावून समजावलं, ‘एकच फोन. नोकरी हवी ना?’ घरी आजारी आई. ती गप्प बसली. फोन मात्र एक नव्हता हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या तोंडचं हसू गेलं ते गेलंच.

त्यानंतर तीन वर्षांनी. सातव्या महिन्याची अठ्ठाविसावी रात्र. रात्रपाळीला भूक लागली, ई-हुआ स्कूटर घेऊन सूप आणायला निघाली. नेहमीची सुपाची गाडी बंद होती, म्हणून पूल ओलांडला. इतकी वर्षं टाळलेला रस्ता, पण त्या रात्री कशी वळले कळलं नाही, असं तीच सांगते.

जळक्या इमारतीसमोर एकच गाडी उभी होती. माशाच्या गोळ्यांचं सूप. गाडीवाला श्याव म्हातारा ओट्यावर उकिडवा बसला होता, मांडीवर मुलीचा गुलाबी शर्ट, हातात उदबत्ती. त्यानं दोन नाणी जमिनीवर टाकली. एक छाप, एक काटा पडला तर ‘हो’. दोन्ही छाप पडले.

“जरा थांब पोरी,” तो म्हणाला, “हिचं आजचं ‘नाही’ ऐकून घेतो, मग देतो. हट्टी आहे. आईवर गेलीय.”

“कोण, काका?”

“आमची आ-लान. वर राहायची. रोज म्हणतो, घरी चल. रोज नाही म्हणते.” त्यानं नाणी उचलली. “तिचा काय दोष? शेवटी मला फोन केला होता तिनं. म्हणाली, ‘बाबा, घाबरू नका, फोनवरच्या ताईनं थांब म्हटलंय. ती सांगेपर्यंत हलणार नाही.’ आज्ञाधारक पोर. थांबलीय…”

ई-हुआनं डोक्यावरचं हेल्मेट काढलं.

“महापालिकेच्या पायऱ्या झिजवल्या मी. म्हटलं, तुमचे पैसे घाला चुलीत. ज्या आवाजानं थांब म्हटलं त्यानं एकदा येऊन ‘चल’ म्हणावं. बस. तर म्हणे नाव गोपनीय आहे. मला कुठे तिला शिव्या द्यायच्यात?”

सूप उकळत होतं.

मग ई-हुआ जिन्यापाशी गेली. वर काळोख. तिनं तोंड उघडलं आणि बाहेर आला तो तोच, फोनवरचा आवाज.

“११९ बोलतेय… आ-लान, मीच ती. गाडी येणार नाही गं. चुकलं आमचं. खाली ये… घरी जा.”

म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं नाणी टाकली.

एक छाप. एक काटा.

पुन्हा टाकली. पुन्हा तेच.

म्हाताऱ्यानं शर्ट छातीशी धरला. शिव्या नाहीत, काही नाही. हमसून हमसून रडला. मग डोळे पुसून निघाला, एका हातानं गाडी ढकलत. “डावीकडे वळायचं हं, आ-लान… पूल आला, जपून…” आत्म्याला वाट सांगत न्यावं लागतं. ई-हुआ मागोमाग.

पुलावर तिला ऐकू आलं.

मागे पावलं. अनवाणी.

एकाची नव्हेत.

म्हातारा थांबला. पावलं थांबली. तो निघाला…

या महिन्यात मागे वळून बघायचं नसतं. तिनं बघितलं नाही.

घराच्या दारात म्हाताऱ्यानं विचारलं, “आलीस?” नाण्यांनी हो म्हटलं. दार लागलं. ई-हुआ पळत सुटली.

पहाटे ती माझ्या गॅरेजात आली, पांढरीफटक. मला स्कूटरवर बसवून तिथे नेलं. म्हणून म्हणतो, ऐकीव नाही. श्यावच्या दारासमोर फरशीवर काजळीची पावलं. येतानाची नाहीत, जातानाची नाहीत. नुसती ओळीनं उभी, बोटं दाराकडे. झोपेत गेलेली माणसं म्हणे!

म्हातारा हळूच म्हणाला, “हे आत का नाही आले?”

“मी नाव एकट्या आ-लानचंच घेतलं, काका,” ई-हुआ म्हणाली. “त्यांना अजून थांबाच म्हटलंय…”

त्याच दिवशी तिनं महापालिकेत जाऊन सगळं सांगितलं. किती फोन, कोण काय म्हणालं. नोकरी गेली. साहेबांचा केसही वाकडा झाला नाही, ते तुम्हाला माहीतच आहे. पण ती घरोघर गेली. प्रत्येकाच्या आईबापांना त्या जिन्यापाशी आणलं, नाव घेऊन ‘घरी जा’ म्हटलं. एकेकाचं घर झालं की फरशीवरची एकेक जोडी जायची. इतकी घासूनही न निघालेली काजळी, सकाळी नाहीशी.

एक जोडी राहिली. एवढीशी. आजीजवळ राहणाऱ्या पोराची. त्यानंच फोन केला होता, म्हणाला होता, “ताई, आजी उठत नाहीये.” आजी खरंच झोपेत गेलेली, तिला कुणी थांब म्हटलं नव्हतं; आणि दुसरं कुणी नव्हतं त्याला. ई-हुआनं जिन्यापाशी त्याचं नाव घेतलं, पण पुढे बोलता येईना. घरी जा म्हणायचं, तर घर म्हणजे तीच जळकी खोली. कुठे धाडणार त्याला?

म्हातारा म्हणाला, राहू दे इथेच. गार फरशीवर अनवाणी नको, म्हणून त्यानं दाराबाहेर लहान चपला ठेवल्या. सकाळी त्यांच्यात आतून काजळी.

परवा मी गेलो होतो. म्हातारा लहान चपलांचा नवीन जोड घेऊन बाजारातून येत होता. आधीच्या बऱ्या दिसत होत्या, म्हणून मी विचारलं.

“लहान पडायला लागल्या,” तो म्हणाला.