बिनखुंट्याचं जातं

"आत्या, ते शेवटचं प्रकरण काढा. न्हाईतर उद्या हळदीला तुमी मांडवात बसू नका."

"काढणार न्हाई. आन् ह्या घरात जन्मले मी, मांडवात मधोमध बसणार."

परमेश्वर माझा भाचा. त्याच्या पोरीचं, धनश्रीचं, लग्न दोन दिवसांवर आलेलं. बीडच्या छापखान्यात द्यायचा माझ्या कादंबरीचा गठ्ठा त्यानं छातीशी धरला होता, जसं काही मीच त्याच्या घरची चोर. किराणाच्या पुड्या सोडून सोडून अक्षरं शिकलेली बाई मी. एक ओळसुद्धा कुणाच्या बापाला विचारून लिहिली नाही.

कादंबरी आहे माझ्या आत्याची, कौतिकाची. निजामाच्या शेवटच्या वर्षातली. सटवा धनगर शेळ्या राखता राखता लढणाऱ्या पोरांचे निरोप पोचवायचा, आणि कौतिकाचा जीव जडला तो त्याच्यावर. घरात रझाकार आले की ती भर दुपारी जातं ओढायची. दळण हे पहाटेचं काम. दुपारची घरघर ऐकली की सटवा बिंदुसरा नदीच्या पात्रातूनच मागं फिरायचा. मग एका दुपारी रझाकार ओसरीवर बसलेले, आणि जातं गप्प. सटवा आला. दारातच त्याला गोळी घातली. दिवस मावळताना कौतिका विहिरीत सापडली.

"ती फितूर होती. सारं गाव जाणतंय," परमेश्वर म्हणाला.

"फितूर माझा बाप होता. तुझा आजा, हरिबा. बहिणीनं धनगरावर जीव लावलेला त्याला खपला न्हाई. त्यानं जात्याचा खुंटाच काढून नेला. कशाला धरून ओढायचं तिनं? माझ्या मायनं ते रिकामं भोक डोळ्यानं पाहिलं."

"आजोबाच्या नावाची कमान हाय वेशीत! व्याही तिच्याखालून येणार. धनश्रीला सासरी काय काय ऐकावं लागंल? आन् पुरावा काय तुमच्यापाशी? मेलेल्या बाईचा शब्द?"

पुरावा नव्हताच. आमच्या घरात त्यानंतर एकाही पोरीचं नाव कौतिका ठेवलं नाही, एवढंच होतं माझ्यापाशी. हे पुस्तक असं छापलं नाही, तर ती कायमची फितूर राहणार होती.

तेवढ्यात आवाज आला. घर्रर्र... थांबून... घर्रर्र.

ज्वारीच्या ताज्या पिठाचा ऊन ऊन वास ओसरीवर पसरला.

"आत्या... गिरणी लावली का कुणी?"

"लाइट सकाळधरनं न्हाई," मी म्हणाले.

उद्या सवाष्णी हळद दळणार, म्हणून अडगळीतलं तेच जातं काढून मागच्या खोलीत मांडलं होतं. त्याला खुंटा नव्हता. सुतार संध्याकाळी नवा आणणार होता.

आम्ही दारात गेलो. उन्हानं खोलीचा पत्रा तडतडत होता, आणि आत मात्र विहिरीत उतरल्यासारखा गारठा. धनश्री एक पाय लांब सोडून जात्यापुढं बसली होती. मोबाईल बाजूला उताणा पडलेला. जन्मात जात्याला हात न लावलेली पोर. तिची मूठ रिकाम्या भोकाच्या वर हवेत आवळलेली होती, आणि वरची दगडी तळी फिरत होती. दाण्यांची वैरण काहीच घातली नव्हती, तरी जात्याभोवती पांढरं पीठ पडत होतं.

"धने..." परमेश्वराच्या हातातला गठ्ठा खाली पडला. "पोरी, ऊठ..."

तिनं ऐकलं नाही. मूठ पुन्हा पुन्हा निसटत होती. फेरा मंदावत चालला. ती जोर लावी, कण्हे, पुन्हा हवा पकडी. मागच्या दारापलीकडं, नदीच्या अंगाला, शेळ्यांच्या गळ्यातली घुंगरं वाजली. आमच्या वस्तीवर आता कुणाकडं शेळी नाही.

जातं थांबलं.

धनश्रीनं मान वळवली. बापाला जन्मभर पप्पा म्हणणारी पोर, परमेश्वराकडं बघत, थोरल्या भावाशी बोलावं तसं हळूच बोलली,

"दादा, खुंटा दे रे... त्यो नदी उतरला."