नेलची जाहिरात

कॅलमनं मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चोरी करत होते.

तशी काही फार मोठी चोरी नव्हती. होबार्टमधल्या बेलरीव्हच्या चर्चला लागून जुन्या वस्तूंचं एक दुकान आहे. तिथं कपाटामागे जुन्या मासिकांचा ढीग पडलेला असतो. त्यातल्या एका मासिकात लोकरीच्या ब्लँकेटची पानभर जाहिरात होती आणि ती मी उभ्या उभ्या वहीत उतरवून घेत होते, अक्षर न् अक्षर. नोरीनबाईंच्या जाहिरातलेखनाच्या वर्गाचा पहिला सरावच तो होता. रोज एक जुनी, गाजलेली जाहिरात हातानं लिहून काढायची. "टाईप करायची नाही," असं त्यांनी वर्ग सुरू होण्याआधीच पत्रात बजावलं होतं. "हात दुखला की कळतं, लिहिणारा कुठे थांबला असेल ते." मासिक विकत घेतलं असतं तर प्रश्नच मिटला असता. पण एका पानासाठी अख्खं मासिक कोण घेणार?

"ते... तुम्ही घेणार आहात का?"

मी दचकून मागे पाहिलं. उंच, सडपातळ, अंगात भिजलेलं जाकीट. केसांत लाकडाचा भुसा.

"नाही. म्हणजे — माझ्या तीन ओळी राहिल्यात. तेवढ्या होऊ दे, मग घ्या."

"मी धरू?"

आणि त्यानं खरंच ते मासिक दोन्ही हातांनी माझ्यासमोर उघडून धरलं. मी लिहीत राहिले. तो पानाच्या वरून माझ्याकडे बघत होता, हे मला न बघताही कळत होतं. तीन ओळी लिहायला मला इतका वेळ कधीच लागला नव्हता.

"तुमच्या केसांत भुसा आहे," मी वही मिटताना म्हटलं. काहीतरी बोलायला हवं होतं ना!

"माहितेय. मंगळवारपासून आहे." तो हसला. "नोरीनबाईंचा वर्ग?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी पण त्याच चोरीला आलोय. फक्त मी पैसे देऊन करणार होतो."

मी लाजले. चांगलीच लाजले.

दर शनिवारी सकाळी नदीकाठच्या जुन्या सभागृहात आम्ही सात जण जमायचो. नोरीनबाईंनी मेलबर्नमध्ये चाळीस वर्षं बिस्किटं, गाद्या आणि रंगाचे डबे शब्दांनी विकले होते, आणि आता निवृत्त होऊन त्या होबार्टला आल्या होत्या. कानामागे पेन्सिल, नाकाच्या टोकावर चष्मा, आणि जिभेला हाड म्हणून नाही. कॉपीरायटर व्हायला प्रतिभा लागते असं कुणी म्हटलं की त्या फिसकन हसायच्या आणि नवा सराव द्यायच्या. एका वस्तूची पंचवीस शीर्षकं लिहा. विशेषण न वापरता ब्रेडचं वर्णन करा. लिहिलेलं निम्मं करा, मग त्याचंही निम्मं करा. वस्तूतली खोट आधी सांगा. आणि लिहाल ते एकाच माणसाला लिहा. त्याचं नाव कागदाच्या वर घाला आणि शेवटी ते नाव खोडून टाका.

मी नगरपालिकेत काम करत होते. कचऱ्याचा कुठला डबा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा, याची पत्रकं मी लिहायची. त्यातून सुटायचं म्हणून मी वर्गाला आले होते. कॅलम होड्या बांधायचा आणि दुरुस्त करायचा. तो का आलाय हे त्यानं पहिले काही आठवडे सांगितलंच नाही. आम्ही 'अहो'वरून 'अरे'वर मात्र दुसऱ्याच शनिवारी आलो.

सगळ्यांत अवघड सराव पाचव्या शनिवारी आला. जोडीदारासमोर बसून आपला मजकूर मोठ्यानं वाचायचा. वाचताना डोळे वर ठेवायचे. ऐकणाऱ्याची नजर जिथं हलेल, ती ओळ खोडायची.

माझा जोडीदार कॅलम.

मी गरम पाण्याच्या पिशवीबद्दल वाचायला लागले. एक ओळ झाली, दोन झाल्या. त्याचे करडे डोळे माझ्यावर. तिसरी, चौथी... बाहेर रस्त्यावर एक गाडी कर्कश हॉर्न वाजवत गेली, तरी नजर तिथंच.

"नजर हलव ना रे!" मी शेवटी कुजबुजले. "मला काही खोडताच येत नाहीये."

"मग नको खोडूस."

"असं कसं? एवढं काही चांगलं नाहीये ते."

"मजकुराबद्दल मी कुठे काय म्हणालो?"

माझे कान तापले. पलीकडून नोरीनबाईंचा आवाज आला, "ब्रायडी, पिशवी गरम झाली असेल तर पुढे वाच!" सगळा वर्ग हसला. कॅलमसुद्धा. आणि मला त्या क्षणी अगदी लख्ख कळलं की मी या माणसाच्या प्रेमात पडलेय.

शेवटचा सराव खराखुरा होता. जोडीदाराला खरोखर विकायची असलेली वस्तू घ्यायची आणि तिची जाहिरात लिहून छापायला द्यायची. माझ्याकडे विकायला एक फुटका पियानो होता. कॅलमकडे होती नेल.

नेलला बघायला त्यानं मला रविवारी केटरिंग नावाच्या गावातल्या धक्क्यावर नेलं. वाटेत आम्ही शिंपल्यांचा रस्सा भरलेले 'स्कॅलप पाय' घेतले आणि गाडीतच खाल्ले, त्यामुळे त्याच्या हनुवटीला रस्सा लागला होता आणि मी मुद्दाम सांगितलं नाही. नेल म्हणजे त्याच्या आजोबांनी ह्युऑन पाईनच्या लाकडात बांधलेली मच्छीमारी बोट. आजीचं नाव दिलेली. मी केबिनचं दार उघडलं आणि आतून त्या लाकडाचा गोड वास आला... एकसष्ट वर्षांनंतरसुद्धा. मी गप्पच झाले.

"सगळेच होतात," तो हळूच म्हणाला.

"तिच्यातल्या खोटी सांग," मी वही काढली. "खऱ्या खऱ्या."

"मागच्या बाजूनं थोडं पाणी घेते. इंजिन दोनदा खोकतं, मग चालू होतं. आणि हे —" असं म्हणून तो आत शिरला आणि त्याचं डोकं दाणकन तुळईवर आपटलं.

मी हसून हसून बेजार झाले. तोही कपाळ चोळत हसत होता. हसता हसताच मी विचारलं, "मग विकतोस कशाला?"

तो खाली बसला. कॅनडात नोव्हा स्कोशियाला एक कारखाना होता, अजून पूर्वीसारख्या मोठ्या लाकडी शिडाच्या नौका बांधणारा. एकोणीस वर्षांचा असल्यापासून तो त्यांना पत्रं लिहीत होता. आता तिशीत त्यांनी त्याला बोलावलं होतं. मेअखेरपर्यंत जागा राखून ठेवणार होते.

"नेलला असंच बांधून ठेवून मी जाणार नाही," तो म्हणाला. "बोट पडून राहिली की मरते. आठ महिने जाहिरात देतोय, एक फोन नाही. म्हणून तर वर्गाला आलो. आता तू लिहितेयस, म्हणजे विकली जाईल."

किती विश्वासानं म्हणाला तो! मी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. त्या पानावर नुसत्या रेघा आहेत, अजूनही.

पुढच्या शनिवारी मी जाहिरात वाचून दाखवली. "ऐतिहासिक, देखणी आणि दर्जेदार अशी ही अप्रतिम बोट आपल्या स्वप्नांना..." दुसऱ्याच ओळीला कॅलमची नजर खिडकीकडे गेली. ती परत आलीच नाही. मी शेवटपर्यंत वाचलं.

वर्ग सुटल्यावर तो दाराशी थांबला होता.

"कचऱ्याच्या डब्यांबद्दल याहून जीव ओतून लिहितेस तू," तो म्हणाला. थट्टा नव्हती त्यात. "तुला जमत नव्हतं तर तसं सांगायचंस. मला वाटलं होतं, नेल तुला आवडली."

"आवडली रे —"

"जाऊ दे. माझी जुनीच जाहिरात देईन परत."

तो गेला. मी आत येऊन उगाच खुर्च्या रचायला लागले. नोरीनबाई कप विसळत होत्या. पाठ माझ्याकडे.

"कुणाला लिहिलंस ते?" त्यांनी विचारलं.

"गिऱ्हाइकाला."

"गिऱ्हाइकाला पळवून लावायला. मला शिकवू नकोस, पोरी. न जमून वाईट लिहिलेलं निराळं दिसतं." त्यांनी नळ बंद केला. "तुला त्या मुलाला काही सांगायचंय ना? मग त्याला सांग. बिचाऱ्या बोटीला कशाला मध्ये घालतेस?"

मी रडले. त्यांनी मला ओला कप पुसायला दिला आणि दुसरं काही विचारलं नाही.

रविवारी दिवसभर मी फोन हातात घेऊन बसले होते. तीनदा त्याचा नंबर लावला आणि तीनदा वाजायच्या आत बंद केला. मला सारखा त्याचा कारखान्याबद्दल बोलतानाचा चेहरा दिसत होता. शेवटी मी फोन बाजूला ठेवला, कागद घेतला आणि वर माझ्या फ्लो मावशीचं नाव लिहिलं. मावशी पाच फूट उंच. जन्मभर तिला सगळ्यांनी सांगितलं होतं, बोटीबिटी तुझं काम नव्हे. संध्याकाळपर्यंत मी पाच पानं लिहिली. त्याचं निम्मं केलं, मग पुन्हा निम्मं. मावशीचं नाव खोडलं आणि कॅलमला न विचारता जाहिरात छापायला पाठवून दिली.

'नेलच्या केबिनमध्ये सहा फुटी माणसाचं डोकं आपटतं. तुम्ही बुटक्या असाल तर पुढे वाचा.

'तिचं इंजिन सकाळी दोनदा खोकतं आणि तिसऱ्यांदा चालू होतं. गेली एकसष्ट वर्षं तिसऱ्यांदा चालू झालेलं आहे. मागच्या बाजूनं ती रोज बादलीभर पाणी घेते, ते उपसावं लागेल. आजोबांनी बांधली, नातवानं सांभाळली. नातू दूर चाललाय आणि तिला नुसती बांधून ठेवायला त्याचं मन धजत नाही.

'बघायला या. केबिनचं दार तुम्हीच उघडा. आतला वास आला आणि बोलणं सुचेना, तर बोट तुमची आहे.'

गुरुवारी छापून आली. शुक्रवारी कॅलमचा फोन आला. पाच जणांनी चौकशी केली होती, आणि फ्रँकलीनच्या मर्ल नावाच्या एक निवृत्त सुईणबाई येऊन दार उघडून गेल्या होत्या. "दहा मिनिटं बोलल्या नाहीत गं," तो म्हणाला. "थँक यू, ब्रायडी."

"वेडा आहेस," मी म्हटलं आणि फोन ठेवल्यावर उशीत तोंड खुपसलं.

मर्लबाई नेलला न्यायला आल्या त्या सकाळी धक्क्यावर बोचरा वारा होता. मे अर्धा सरला होता. कॅलमचं विमान मंगळवारचं. इंजिन दोनदा खोकलं, मग चालू झालं. मर्लबाईंनी ताठ मानेनं, कुठेही न आपटता, आम्हाला हात केला आणि नेल हळूहळू पाण्यात लहान होत गेली. कॅलमनं डोळे पुसले, मग माझ्याकडे वळला.

"पहिली जाहिरात," तो म्हणाला. "ती मुद्दाम वाईट लिहिली होतीस ना?"

"हो."

"का?"

मी मनात जुळवून आणलेलं सगळं विसरले.

"मला तू आवडतोस म्हणून. खूप. तू जाऊ नयेस असं वाटत होतं... अजूनही वाटतंय."

धक्क्याखाली पाणी डुचमळत होतं.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू थांबला असतास."

"हो," तो म्हणाला. "थांबलो असतो."

"म्हणून."

"आणि आता? आता कशाला सांगितलंस?"

"आता बोट गेली. आता तू थांबायचा नाहीस."

त्यानं माझा गार पडलेला चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि माझं चुंबन घेतलं. त्याच्या हातांना डांबराचा आणि तेलाचा वास होता. मी त्याच्या जाकिटाला धरून उभी राहिले. सोडवत नव्हतं.

"उन्हाळ्यात येईन मी," तो म्हणाला.

"कुठल्या उन्हाळ्यात? तिकडचा जूनमध्ये असतो."

"इथल्या."

"म्हणजे डिसेंबरात."

"डिसेंबरात."

मी जाकीट सोडलं.

"जा मग," मी म्हणाले.