शिंगाच्या रंगाची टिकली

या, अशा जवळ सरकून बसा. मागे भिंतीला टेकलेल्या मुलींनो, तुम्हीसुद्धा पुढे या. आज एक प्रेमाची गोष्ट सांगायची आहे. पण आधीच सांगून ठेवलेलं बरं, हिच्यात जीव टांगणीला लागतो. एका लेकराचा, एका कुत्रीचा, आणि एका मुलीचा... जिची नजर घटकाभर भलतीकडे वळली. देवाचं नाव घ्या आणि ऐका.

ब्राह्मणपुरीची रंजिता दर रविवारी शाळेच्या ओट्यावर पोरांचा वर्ग घ्यायची. शहाद्याच्या प्राणिमित्र मंडळाने ते काम तिच्यावर सोपवलं होतं. कुत्रं जेवताना छेडू नये, बैलाच्या शेपटीला पीळ घालू नये, पाखरांना पाणी ठेवावं, असं ती शिकवायची. गावातलं एकेक कुत्रं तिने एकेका पोराच्या नावावर केलं होतं. पोरं अभिमानाने सांगत, "ताई, मन्हं कुत्रं आज भाकर खायनं!"

पोळा होऊन चार दिवस झाले होते. वर्ग ऐन रंगात असताना कुंपणाच्या भिंतीवरून धप्पकन कुणीतरी उडी मारली. एक कुत्रं पोरांमधून सुसाट निघून गेलं, आणि मागे राहिला एक तरुण... स्वतःच्याच जाळ्यात पाय अडकून पालथा पडलेला.

"काय पकडलंत?" रंजिताने विचारलं.

"सध्या तरी... मलाच." तो गुडघे झाडत उठला. "पशुवैद्यकीय दवाखान्यातून आलोय. पिसाळण्याच्या रोगाची लस टोचतोय गावातल्या कुत्र्यांना. माझं नाव सुपडू."

पोरं खिदळली.

"हसा, हसा. माझ्याआधीची दोन भावंडं गेली. मी तरी जगावं म्हणून आईने मला सुपात घालून अंगणातून ओढलं, आणि नावही त्या सुपावरूनच ठेवलं."

रंजिता हसली नाही. हळूच म्हणाली, "मग उड्या जरा जपून मारा. आईने एवढं ओढून ठेवलंय तुम्हाला."

तो बघतच राहिला. तीही. भुरभुर पाऊस सुरू झाला होता, आणि त्याच्या भुवईवर एक थेंब पडू की नको करत थांबला होता... तेवढ्यात दिवाल्याने तिची ओढणी ओढली. दिवाल्या म्हणजे शेतमजूर उखाचा आठ वर्षांचा एकुलता एक पोरगा. काळी कुत्री त्याच्या वाटणीची.

"ताई, जाळं टाकाले काळी भ्यास. ज्याले हिरवी टिकली शे, त्याले परत धरतस नही ना?"

लस टोचलेल्या कुत्र्याच्या कपाळावर सुपडू हिरवी टिकली लावायचा. तीच खूण.

"हो रे, टिकली असली की जाळं नाही," रंजिता म्हणाली. म्हणाली, पण दिवाल्याकडे न बघता.

बुधवारी सुपडू उरलेली कुत्री धरायला आला, तर गावभर ज्याच्या त्याच्या कपाळावर हिरवी टिकली!

"तुमचं गाव तर संपलंच की," तो रंजिताला म्हणाला. "आता परत यायला निमित्त काय शोधू?"

"निमित्त लागतं का?" तिच्या तोंडून निघून गेलं, आणि ती कानापर्यंत लाल झाली.

दुसऱ्याच दिवशी काळी दिवाल्याला चावली. पोटरीला चांगले दोन दात रुतले. रंजिता धावली. शाळेच्या नळाखाली साबण लावून पाव तास जखम धुतली, पोराला दवाखान्यात नेऊन पहिलं इंजेक्शन देववलं. मनात एकच आधार होता... काळीला टिकली आहे.

सुपडू आला. गुडघ्यावर बसून त्याने काळीच्या कपाळावरून बोट फिरवलं. त्याचा चेहरा उतरला.

"हा माझा रंग नाही. हा ऑइलपेंट आहे."

दिवाल्या हुंदके देत बोलला. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला हिरवा रंग पोरांनी घरोघरून गोळा केला होता. आपापल्या कुत्र्याला जाळ्याची भीती नको, म्हणून सगळ्यांना टिकल्या लावल्या होत्या. "ताईच बोलनी व्हती, टिकली असनी की जाळं नही..."

रंजिताने त्याला जवळ घेतलं.

तेवढ्यात उखा आला. हातात कुऱ्हाड. "ताई, तुन्हा वर्गमा जाईसन मन्हा पोऱ्या कुत्रास्ना नादे लागना. आते मी हिले मारी टाकस."

सुपडू काळीच्या पुढे उभा राहिला. "उखादादा, मारशी ते आपले कधी समजाव नही हिले रोग शे का नही. दहा दिन हिले बांधी ठेवू. दहा दिन ही चांगली ऱ्हायनी, ते तुन्हा पोऱ्याले हिनापासून काहीच व्हवाव नही."

"आनि मरी गयी ते?"

काळीने असं का केलं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दिवाल्या तिच्याशी रोज खेळायचा.

शेवटी उखाने कुऱ्हाड खांद्यावर टाकली. "दहा दिन," तो म्हणाला. "मोजीसन."

शाळेमागच्या निंबाला काळी साखळीने बांधली. सुपडू सकाळी कामाआधी आणि संध्याकाळी कामानंतर शहाद्याहून मोटारसायकलवर येई. काळीचे डोळे बघे, चाल बघे, पाण्याची थाळी पुढे सरकवे. ती लपलप प्यायली की रंजिता श्वास सोडी. दोघं मग निंबाखालच्या दगडावर बसत, मध्ये एक हात अंतर ठेवून.

"घरी काय सांगून येता?" एकदा तिने विचारलं.

"आईला सांगितलं, एका कुत्रीला बघायला जातो."

"नुसतं कुत्रीला?"

"आईने पण हेच विचारलं."

तिला हसू आलं, आणि लगेच स्वतःचाच राग आला. तिकडे दिवाल्याला तिसरं इंजेक्शन व्हायचं होतं, आणि ही हसत होती!

सहाव्या दिवशी काळीने भाकरीला तोंड लावलं नाही. दुपारीही नाही. तोंड फिरवून पडून राहिली. रंजिताने सुपडूला फोन लावला. तो भर पावसात निथळत आला. काळीचा जबडा पाहिला, पोटाला हात लावला, मग उठून कुंपणापाशी गेला. तिथे ओल्या मातीत भाकरीचे तुकडे, खिचडी, अर्धा लाडू... आणि पलीकडे पळणारी बारकी पावलं.

"आजारी नाही ती," तो म्हणाला. "तट्ट जेवलीय. पोरांनी कुंपणातून चारलंय."

रंजिताला रडू फुटलं. "सगळं माझ्यामुळे झालं. दिवाल्याने विचारलं तेव्हा मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी तुमच्याकडे..."



पाऊस पानांवर वाजत राहिला.

"आणि बुधवारी?" सुपडू हलक्या आवाजात म्हणाला. "माझी खूण मीच लावतो, रंजिता. रविवारी किती लावल्या ते मोजलं असतं, जवळ जाऊन बघितलं असतं, तर लगेच कळलं असतं. पण त्या दिवशी मी एकाही कुत्र्याकडे धड बघितलं नाही. ऑफिसात तसं लिहून दिलंय, चूक माझी म्हणून. तुझ्याकडे बघत होतो, एवढंच लिहिलं नाही."

तिने मान वर केली. मग खाली घातली.

"आत्ता काही विचारू नका. चार दिवस उरलेत. त्या लेकराच्या बापासमोर मला सुखी व्हायची लाज वाटते."

"नाही विचारत," तो म्हणाला. आणि चार दिवस खरंच विचारलं नाही. फक्त दोघांमधलं ते हातभर अंतर कुठे गेलं, कळलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी उखा दिवाल्याचा हात धरून आला. त्या दहा दिवसांत उखाचे गाल बसले होते. काळी उभी राहिली, आळस दिला, आणि शेपटी हलवत साखळी ताणली. सुपडूने थाळी पुढे केली. तिने शेवटच्या थेंबापर्यंत पाणी चाटलं.

"व्हयनं?" उखाने विचारलं.

"व्हयनं, दादा. पोऱ्यानं पुढलं इंजेक्शन तेवढं चुकाडू नको."

दिवाल्या जमिनीकडे बघत पुटपुटला, "बा... ती झोपेल व्हती. मी तिना कानमा फुंकर मारेल व्हती."

उखाने लेकाकडे पाहिलं. मग तो खाली बसला, आणि ज्या हातात कुऱ्हाड होती त्याच हाताने काळीची साखळी सोडली. त्याला अजून भीती वाटत होती... तरी सोडली.

बापलेक गेल्यावर सुपडूने काळीला लस टोचली. मग तो मान वर न करता म्हणाला, "आता विचारू?"

"आधी गावातली सगळी कुत्री परत धरायची आहेत," रंजिता म्हणाली. "मी येईन. जाळ्याचं दुसरं टोक मी धरीन."

"किती दिवस?"

"मोजायचे आहेत तुम्हाला?" ती म्हणाली, आणि आपला हात त्याच्या हातात देऊन टाकला.

झाली गोष्ट. हे दोघं सुखात आहेत, त्यांची काळजी नको. तुमच्याजवळ एवढंच मागणं... रात्री देवापुढे हात जोडाल तेव्हा उखाची आठवण ठेवा. लेकराला चावलेलं जनावर समोर होतं, हातात कुऱ्हाड होती, आणि बापाने दहा दिवस हात आवरून धरला.