गच्चीवरचं स्वित्झर्लंड

"जमादार, लवकर चला! गच्चीवरून बाई गायब झाली!"

लॉजचा वेटर ठाण्याच्या पायरीवर धापा टाकत उभा होता. दिवेलागण होऊन थोडाच वेळ झाला होता. जमादार सोनाजी खिल्लारेने हातातला चहा तसाच ठेवला आणि टोपी उचलली.

"गच्चीवरून पडली का?"

"न्हाई ना. पडली आसती तर खाली दिसली आसती. नुसती न्हाईशी झाली. अमृतरावांची सून!"

नाव ऐकून सोनाजी पायऱ्या उतरायलाच लागला. सेनगावकडच्या अमृतरावांची जीप ठाण्यासमोर थांबली की फौजदारसाहेब खुर्ची सोडून बाहेर येत. अशा घरातली बाई हरवली म्हणजे कोणाच्या तरी डोक्यावर खापर फुटणारच. कोणाच्या, एवढंच काय ते ठरायचं होतं.

ती गच्ची म्हणजे १९७४ सालच्या हिंगोलीतलं एक नवलच होतं. लॉजचे मालक जलालुद्दीनशेठ मुंबईला गेले असताना कुठल्याशा मोठ्या हॉटेलच्या गच्चीवर खोट्या बर्फात बसून जेवले आणि परत आले ते डोक्यात स्वित्झर्लंड घेऊनच. तेव्हापासून दिवाळी झाली की लॉजच्या गच्चीवर जिनिंगमधल्या कापसाचा बर्फ पडायचा. तो होळीपर्यंत वितळत नसे. मागे सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या धर्मसिंगने फळ्यांवर डोंगर काढला होता. धर्मसिंगने आयुष्यात बर्फ पाहिला तो रसवंतीतला, त्यामुळे आल्प्सचा तो डोंगर औंढ्याच्या डोंगराला भस्म फासल्यासारखा दिसे. त्यावर चरणाऱ्या गाईची शिंगंही आपल्याकडचीच होती. टेबलाखाली शेगडी, अंगावर शाल आणि पुढ्यात मिरपूड घातलेलं वरणाचं पाणी. त्याला सूप म्हणायचं. लोक हसायचे आणि परत यायचे.

बर्फ काळा पडू नये म्हणून चपला खाली जिन्यापाशी काढाव्या लागत. जिना एकच. त्याच्या तोंडाशी म्हातारा जळबा चपला राखत बसायचा.

सोनाजी वर पोहोचला तेव्हा सगळी टेबलं रिकामी झाली होती. अमृतराव मधोमध उभे राहून जलालुद्दीनशेठना शिव्या घालत होते. त्यांचा मुलगा संतराम शेजारी मुठी आवळून उभा होता. डोंगराजवळ बायांसाठी पडदा लावून आडोसा केला होता. तिथे अमृतरावांची बायको जनकाबाई डोक्याला हात लावून बसली होती. पलीकडे मोरीवर भांडी घासणारी गोजरबाई तेवढी काम करत होती. गावावर वीज पडली तरी भांडी कोणाला चुकतात?

सोनाजीने आधी संतरामला बाजूला घेतलं.

"तुमी कवा आले?"

"दुपारी जीपनं. आमी बाजारात गेलो. आई आन केशर बांगड्या भरायला गेल्या. सांजच्याला जिन्यापाशी भेटलो आन वर आलो."

"केशरबाई वर आल्या, हे तुमी पाह्यलं?"

"म्हंजे? आईच्या मागं होती. लाल शाल पांघरून. लग्नातली शाल हाय तिची."

"तोंड पाह्यलं?"

संतरामने रागाने बघितलं. "आबा समोर आसताना बायकोच्या तोंडाकडं पाहू का?"

ते खरंच होतं. त्या घरात सून सासऱ्यासमोर तोंडावरचा पदर वर करत नसे आणि मुलगा बापासमोर बायकोशी बोलत नसे. सोनाजीने मान हलवली आणि जनकाबाईकडे गेला.

"बाई, कशी गेली?"

"मी हात धुवाया उठले. आले तर जागा खाली."

"वरडली न्हाई?"

"न्हाई."

तिने वर पाहिलं नाही. सोनाजीने आडोशातलं सुनेचं ताट पाहिलं. भाकरीचा तुकडाही उरला नव्हता. मग तो डोंगराच्या मागे गेला. फळी आणि कठडा यांच्या फटीत लाल शाल होती, नीट चौघडी घालून दाबलेली. काठावर राखेची बोटं उमटली होती. शेगडीची असेल, असं मनात म्हणून त्याने शाल काखेत मारली.

कठड्याखाली भर बाजार होता. उडी मारली असती तर शंभर माणसं धावली असती. तो खाली जळबाकडे आला.

"आज कोन कोन वर गेलं?"

"मोजून सांगू का? आचारी, दोघं वेटर, शेठ. मंग वकिलाची मानसं, ती जेवून गेली. मंग अमृतराव, त्यांचं पोरगं आन दोन बाया. आन जमील पिंजारी."

"खाली कोन आलं?"

"वकिलाची मानसं. आन जमील, कापसाचं गाठोडं घेऊन."

दवाने आणि धुराने बर्फ दबून बसायचा. तेव्हा जमील जुना कापूस घरी नेई आणि पिंजून, फुगवून परत आणून टाकी. आजही तसंच झालं होतं.

पण तेवढ्यात फौजदारसाहेब आले होते आणि जळबाचं शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं होतं.

"गाठोडं!" ते म्हणाले. "झालं की मग."

सोनाजीच्या डोळ्यांदेखत पुढचं सगळं घडलं. जमीलला घरातून उचललं. गाठोडं सोडलं तर आत कापूसच निघाला. पण साहेब म्हणाले, बाई वाटेत कोणाच्या तरी हवाली केली असणार.

"साहेब," सोनाजी म्हणाला, "ते गाठोडं त्यानं एका हातानं डोक्यावर घेतलं. जळबानं पाहिलंय. आत बाई असती तर—"

"सोनाजी, तू जमादार आहेस. जमादारच राहा."

सोनाजी बाजूला सरकला. त्याला स्वतःची लाज वाटली. अमृतराव साहेबांच्या कानाशी लागले. आवाज मात्र त्यांनी खाली केला नव्हता. "उद्या जिल्ह्याला, परभणीला न्यायच्या आधी ह्याला एक घंटा माझ्या वाड्यावर पाठवा. सगळं वकवतो." साहेब टेबलाकडे बघत म्हणाले, "सकाळी बघू."

त्या एका तासाचा अर्थ ठाण्यातल्या सगळ्यांना कळत होता. जमीललाही कळला. तो कोठडीच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला चिकटून बसला.

सकाळी जमीलची बायको जाहेदा भाकरी घेऊन आली. पदरात फडकं, डोळे सुजलेले.

"जमादारसाब, माझ्या मालकानं कापूस उचलला. औरत कशाला उचलील? काहून कोंडलं त्याला? तुमी तरी बोला!"

सोनाजीने भाकरी घेतली. त्याची नजर खाली गेली. जाहेदाचे पाय धुळीने भरले होते.

"चपला कुठायत?"

"घाईत राहिल्या घरी."

सोनाजी तिच्या पायांकडे बघतच राहिला. मग शाल काखेत मारून, टोपी न घालताच बाहेर पडला आणि थेट जळबापाशी गेला.

"जळबा, काल त्या दोन बायांनी चपला किती जोड काढल्या?"

"एकच. मोठ्या बाईच्या. मागची अनवाणीच होती. मला वाटलं, नवस बोलली आसंल."

"आन गोजरबाई काल वर कवा चढली?"

जळबाने डोकं खाजवलं. "चढताना तर न्हाई दिसली. उतरताना पाह्यली की. भांडी झाल्यावर गेली."

सोनाजी तिथेच पायरीवर बसला. त्याला सगळं समजलं होतं, आणि समजून काय करायचं तेच समजत नव्हतं.

रात्री लॉजवरच मुक्काम करून अमृतराव आणि संतराम आता ठाण्यावर गेले होते. जनकाबाई लॉजच्या मागच्या ओट्यावर एकटीच होती. सोनाजी थोडं अंतर ठेवून बसला.

"बाई, सून गच्चीवरून गेली न्हाई. ती गच्चीवर आलीच न्हाई."

जनकाबाईने पदर सारखा केला.

"पळवून नेली आसती तर तिच्या चपला खाली राहिल्या आसत्या. पायानं उतरली आसती तर जळबाकडून मागून घ्याव्या लागल्या आसत्या. काल बायांच्या चपलांचा एकच जोड होता, तो तुमचा. शालीखालची बाई अनवाणी होती. अमृतरावांची सून बाजारातून अनवाणी येईल का? अनवाणी येती ती रोजच अनवाणी हिंडनारी. सुनेचं ताटबी तिनंच पुसून खाल्लं."

"बोला."

"शालीवर राखेची बोटं हायेत. मला शेगडीची राख वाटली. पण शेगडीला हात लावतेत वेटर. बायांच्या आडोशापासून दोन हातांवर राखेनं भांडी घासनारी एकच बाई हाय. तिनं शाल काढून फटीत टाकली, भांड्याला हात घातला. मंग शाल बाहेरून दिसती म्हणून परत येऊन घडी करून दाबली. गोजरबाई काल जिना चढलीच न्हाई, भांडी झाली तवा उतरली मात्र. कारण चढताना ती तुमची सून होती."

सोनाजीने शालीचा तो काठ तिच्यापुढे केला.

"घरातली सगळी मानसं शपथेवर सांगून राहिली की केशर वर गेली. खोटं कुणीच बोललं न्हाई. त्यांनी शाल पाह्यली. तोंड पाह्यची तुमच्या घरात रीतच न्हाई. हे तुमाला बराबर ठाऊक होतं. गच्चीवर सगळे शोधत बसले, तवर पोरगी गाडीत बसून गेली."

जनकाबाईने हळूच मनगटावरच्या बांगड्या मागे सारल्या. तिथे जुना, चकाकणारा डाग होता.

"ह्यांनी भाकरी उलथायचा सराटा तापवून लावलेला हाय. नवी नवरी होते मी तवा. बापाचंच पोरगं ते. केशरच्या पाठीवर आसे चार हायेत." तिने बांगड्या परत खाली ओढल्या. "माझं काय, गेलं ते गेलं. पण तिच्या अंगाला तेल लावाया बसले आन मला माझाच डाग दिसला. मी कासाराच्या दुकानातून तिला टेशनावर धाडली."

"आन गोजरबाई?"

"माझ्या माहेरची हाय, साखऱ्याची. तिची लेक सासरी हिरीत सापडली. तवा ठाण्यातून कुनी आलं न्हाई, जमादार."

सोनाजीने मान खाली घातली. ते ठाणं दुसरं असेल, साल दुसरं असेल, पण अंगावरची खाकी तीच होती.

"मी बोललो," तो म्हणाला, "तर स्टेशनाला तार जाईल, पोरगी परत येईल. न्हाई बोललो, तर जमीलला दुपारी तुमच्या वाड्यावर नेतेत. माझ्यानं काहीच होईना, म्हणून तुमच्याकडं आलो."

जनकाबाईचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. "त्या पिंजाऱ्याचं माझ्या मनातबी न्हवतं. वाटलं, चार दिवस भूत म्हनतेल, करनी म्हनतेल. गरिबाला धरतेल हे कसं सुचलं न्हाई मला? गाडी अकोल्याला पोचली आसंल?"

"रातीच पोचली. तिथून फुडं कुठं गेली, ते मी इचारत न्हाई."

"मंग चला," ती म्हणाली आणि तिने चपला पायात सरकवल्या.

ठाण्यात जमीलला कोठडीतून बाहेर काढलं होतं. अमृतरावांचा गडी त्याच्या दंडाला धरून उभा होता. जाहेदा साहेबांच्या टेबलाला धरून रडत होती. जनकाबाई आत आली. आणि जिचा आवाज चार माणसांत कधी कोणी ऐकला नव्हता ती बाई स्पष्ट बोलली.

"त्याला सोडा. केशरला मी धाडून दिली."

संतरामने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. अमृतरावांना आधी ऐकूच आलं नाही बहुतेक.

"ती गच्चीवर आलीच न्हाई. दुसरीच बाई शाल पांघरून माझ्या मागं आली. ती कोन, ते मी सांगनार न्हाई. केशर कुठं हाय, तेबी न्हाई. तुमी कुनी तिचं तोंड पाह्यलं आसतं, तर कालच कळलं आसतं."

"शाल कुठाय? पाहू," साहेब म्हणाले.

सोनाजीने शाल पुढे केली. काठ स्वच्छ होता. येताना वाटेत त्याने ती चांगली झटकली होती.

"ती दुसरी बाई कोण?"

"तपास चालू आहे, साहेब."

साहेबांनी जमीलला सोडायची खूण केली. जाहेदाने त्याला जवळजवळ ओढतच बाहेर नेलं. अमृतराव अगदी शांतपणे म्हणाले, "चल. जीपमध्ये बस."

जनकाबाई हलली नाही. "साहेब, मला कोंडा. त्या मानसाच्या जागी मला कोंडा."

"अहो बाई, सज्ञान सून स्वतःहून गेली. यात कोंडण्यासारखा गुन्हाच नाही. हा तुमचा घरचा मामला आहे."

सोनाजीने साहेबांकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं, त्या मनगटाकडे पाहिलं. कायद्यात तिच्यासाठी काही नव्हतं, आणि त्याच्या हातात तर त्याहून कमी होतं.

"साहेब, जबाब घ्यावा लागेल," तो म्हणाला. "जमीलला सोडलं, त्याचं कारण कागदावर पाहिजे."

"घे. पण आटप लवकर."

सोनाजीने स्टूल ओढून तिला बसवलं. दौत शोधली. टाक पुसला. कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"नाव?"

"जनकाबाई."

"बापाचं नाव?"

ती थोडी गोंधळली. बापाचं नाव तिला कित्येक वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. तिने सांगितलं. सोनाजीने एकेक अक्षर सावकाश काढलं, शाई वाळेपर्यंत थांबला.

"माहेर?"

"साखरा."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. सोनाजीने टाक पुन्हा दौतीत बुडवला.

"साखऱ्याचं घर कसं होतं, बाई? नीट सांगा. अगदी पहिल्यापासून सांगा."