मागं तोंड केलेला कॅमेरा

"लाईट काय येत न्हाई आता, बसा," नाना म्हणाले. "मच्छिंद्र शूटिंगवाल्याचं सांगतो. माझ्या वर्गातला. शहाण्णव सालची गोष्ट, बुद्धपौर्णिमेची आदली रात्र."

मच्छिंद्र जामखेडहून खर्ड्याला लग्नाच्या शूटिंगला गेला होता. वरातीपुढं उलट्या पावलांनी चालताना तो आधी दोनदा आपटला होता, म्हणून त्यानं डोकं लढवलं. राजदूत मोटारसायकलच्या कॅरिअरवर लोखंडी फ्रेम वेल्डिंग करून घेतली, हादरे बसू नयेत म्हणून ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि कॅमेरा मागं तोंड करून पक्का बसवला. आपण गाडी हळूहळू पुढं न्यायची, वरात आपसूक टिपली जायची.

रात्री निघताना नवरदेवाची आत्या गोजरबाई आडवी आली. "आरं, तुजं तोंड पुढं अन् डोळा मागं! चालू करून दाव की पोरींना."

त्यानं बटण दाबलं. लाल दिवा लागला. पोरी खिदळल्या.

"बायकूला दावलास का ह्यो डोळा?"

"तिला कशाला? तिला तसंबी समदीकडचं दिसतंय."

गोजरबाई हसली. मग तिनं हँडल धरलं. "मच्छिंदर, झोप हितंच. जायचंच आसंल तर वाटंतल्या वढ्यावरच्या मोरीपाशी मागं बघू नको. चार सालामागं श्रीमंत नावाच्या गड्याला तितं कुऱ्हाडीनं तोडला. तवा एक गाडीवाला चालला हुता. त्यानं वळून बघितलं... अन् तसाच गेला. श्रीमंत पहाटंपर्यंत जित्ता हुता."

सकाळी दुसरं लग्न होतं. मच्छिंद्र निघालाच.

"नाना, आरशात बघितलं आसंल की त्यानं," ऐकत बसलेला प्रवीण मधेच म्हणाला.

"आरसा कवाच फुटला हुता गाडीचा. गप ऐक."

टिपूर चांदणं होतं. मोरी आली तशी मच्छिंद्रनं मान ताठ केली आणि नजर हेडलाईटच्या उजेडात रोवली. मोरी मागं पडली. सुटलो, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात कानाशी आवाज आला.

"बघून चालला व्हय रं?"

"मी न्हाई बघितलं!" मच्छिंद्र ओरडला.

घाव फ्रेमवर बसला. ठिणग्या उडाल्या. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. पोरींना दाखवायला लावलेला दिवा त्यानं बंद केलाच नव्हता. तो बघत नव्हता... पण कॅमेरा बघत होता.

त्यानं गाडी पिळली.

दुसरा घाव डाव्या खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज त्यानं स्वतः ऐकला. तिसऱ्या घावात कॅमेरा फुटला, काचा मानेत घुसल्या. कुणीतरी केस मुठीत धरून डोकं मागं ओढलं. वळ म्हणून... बघ म्हणून. रक्त डोळ्यांत उतरलं.

"थांबला न्हाईस..."

घाव.

"थांबला न्हाईस..."

घाव.

पळालो तर हा मला मारणार. मच्छिंद्रला कळून चुकलं. थांबलो तर... तेही कुणाला ठाऊक?

त्यानं ब्रेक दाबला.

इंजिन बंद पडलं. मागं श्वास... चिरलेल्या गळ्यातून येणारा.

मच्छिंद्रनं मान वळवली नाही. "बघितलं मी," तो म्हणाला. "बस मागं. दवाखान्यात नेतो तुला."





मग कुणी बसावं तसे मागचे शॉकअप दबले.

एका हातानं, एकाच गिअरमध्ये त्यानं गाडी जामखेडला आणली. वाटभर पाठीवर काहीतरी कोमट झिरपत होतं. दवाखान्याच्या पायरीशी गाडी एकदम हलकी झाली आणि मच्छिंद्र कोसळला.

छबूबाई नर्सनं त्याला आत घेतलं. टाके घालेपर्यंत त्याचं एकच चाललं होतं, "आदी मागच्याला घ्या, बाई."

"मागं कोनी न्हाई, भाऊ. तुमी एकलेच आलाय."

उजाडता उजाडता छबूबाई वॉर्डातून फिरली. कोपऱ्यातल्या खाटेवर रात्रभर पेशंट नव्हता. तिच्यावरची चादर रक्तानं गादीपर्यंत भिजली होती. उशीत डोक्याएवढा खळगा पडला होता.

छबूबाईनं त्यात हात घालून बघितलं.

खळगा अजून गरम होता.